मधल्या फळीतला माणूस

सामना संपतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं, मिनिटासकट. गोलरक्षकाने चेंडू अडवला असेल तर त्याचा झेपावलेला फोटो येतो. पण चेंडू गोलपर्यंत पोचला कसा, कुणी तो गर्दीतून सोडवला, नेमक्या क्षणी वळवला आणि मग मागच्या मोकळ्या जागेची राखण करायला परत धावला, हे बहुधा कुठेच छापून येत नाही. लग्नघरात मुदपाकखान्यापासून मांडवापर्यंत सगळीकडे हात असलेली आत्या फोटोत मात्र सापडत नाही, तसा हा मधल्या फळीतला माणूस. मला फुटबॉल आवडतो तो या माणसामुळे. आणि या माणसाचं मला सर्वांत पूर्ण रूप दिसलं ते क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचमध्ये.

मॉड्रिचकडे चेंडू नसतो तेव्हा त्याच्याकडे बघावं. मान सतत फिरत असते. डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. पास यायच्या आधीच आपल्या पाठीशी कोण आहे, कुठली वाट उघडी आहे, कुठला साथी धावायच्या बेतात आहे, हे त्याला ठाऊक झालेलं असतं. म्हणून चेंडू पायाशी आला की त्याला विचारात वेळ घालवावा लागत नाही. दोघे अंगावर येतात, तो कंबरेत हलकेच वळतो, आणि ते दोघे मागे राहिलेले असतात. लोक याला जादू म्हणतात. मला ती सावधपणाची साधना वाटते.

ही सावध नजर त्याला कुठून मिळाली असेल? १९८५ साली क्रोएशियातल्या झादर शहरात त्याचा जन्म झाला. लहानपण गेलं वेलेबिट डोंगराच्या पायथ्याशी, मॉड्रिची नावाच्या वस्तीत. त्या काळातलं एक चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. जाड जाकीट घातलेला चिमुरडा हातात काठी घेऊन शेळ्या हाकतो आहे. आजोबांचंही नाव लुका. आई-वडील कामावर जात, तेव्हा नातू आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढला. डिसेंबर १९९१ मध्ये, युगोस्लाव्हिया फुटत असताना, सर्ब बंडखोरांनी त्या आजोबांना गोळ्या घातल्या. घर जाळलं गेलं. सहा वर्षांचा लुका निर्वासित होऊन झादरच्या एका हॉटेलात राहायला आला. वडील सैन्यात दाखल झाले. शहरावर तोफगोळे पडत होते आणि हॉटेलच्या वाहनतळावर मुलं फुटबॉल खेळत होती. त्या मुलांत तो होता.

त्या वाहनतळावरच्या खेळाला दुःखाचं औषध म्हणून मी मोकळा होणार नाही. गेलेले आजोबा खेळाने परत येत नाहीत. पण ज्याचं घर गेलं, गाव गेलं, त्या पोराजवळ चेंडू तेवढा उरला होता, आणि तो त्याने सोडला नाही.

पुढची अडचण शरीराची. तो लहान चणीचा, काटकुळा. स्प्लिटच्या हायडूक या मोठ्या क्लबने त्याला घेतलं नाही. हा कोवळा मुलगा टिकणार नाही, असं तिथे ठरलं. झादरचे प्रशिक्षक तोमिस्लाव बाशिच मात्र त्याच्यावर विश्वास ठेवून होते. त्यांच्या आधाराने तो झाग्रेबच्या डिनामो क्लबात पोचला. डिनामोने त्याला २००३ मध्ये शेजारच्या बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तार संघाकडे उसना पाठवला. तिथला खेळ दांडगाईचा, मैदानं खडबडीत. अंगाने कमी असलेल्याला तिथे डोक्यानेच जगावं लागतं. तो जगला, आणि त्या हंगामात बोस्नियाच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२००८ मध्ये लंडनचा टॉटनहॅम, २०१२ मध्ये रेआल माद्रिद. माद्रिदमधल्या पहिल्या काही महिन्यांतच तिथल्या ‘मार्का’ या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. त्याने उत्तर दिलं ते पायांनी. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात, लिस्बनमध्ये, रेआल ९३व्या मिनिटापर्यंत एका गोलने मागे होता. मॉड्रिचने कॉर्नर घेतला, सर्जिओ रामोसने हेडर मारला आणि सामना वाचला. तो गोल जगाला रामोसचा म्हणून आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो चेंडू रामोसच्या कपाळापर्यंत कुणीतरी नेऊन ठेवला होता.

त्याच्या स्वभावाचा तळ मला दिसला तो १ जुलै २०१८ रोजी. विश्वचषक, समोर डेन्मार्क, जादा वेळ संपत आलेला. त्याच्याच सुंदर पासवर साथीदार रेबिच सुटला, त्याला पाडलं गेलं, पेनल्टी मिळाली. मॉड्रिचने ती मारली आणि डेन्मार्कचा गोलरक्षक कॅस्पर श्मायकलने अडवली. दहा वर्षांपूर्वी, युरो २००८ मध्ये, तुर्कस्तानविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्येही त्याचा नेम चुकला होता आणि क्रोएशिया बाहेर पडला होता. आता काही मिनिटांतच पुन्हा शूटआउट. कर्णधार पुन्हा चालत आला आणि या वेळी त्याने गोल केला. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीचा तो देश पुढे थेट अंतिम फेरीत पोचला. तिथे फ्रान्सने ४-२ असं हरवलं. मॉस्कोच्या पावसात स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा सोन्याचा चेंडू हाती घेताना त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओरही त्याला मिळाला. दहा वर्षं मेस्सी आणि रोनाल्डो यांच्यातच फिरणारा हा मान मधल्या फळीकडे आला.

वय वाढलं तशी त्याची नजर आणखी पिकली. एप्रिल २०२२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात चेल्सीविरुद्ध रेआल बाहेर पडायच्या बेतात होता. मॉड्रिचने बुटाच्या बाहेरच्या कडेने एक चेंडू उचलला. तो बचावपटूंच्या डोक्यांवरून वळत गेला आणि धावत्या रोद्रिगोच्या पायापुढे अलगद उतरला. गोल रोद्रिगोचा. त्या वर्षी चषक रेआलचा. २०२४ मध्ये इटलीविरुद्ध त्याची पेनल्टी गोलरक्षक दोन्नारुम्माने अडवली. पुढच्याच मिनिटाला त्याने गोल केला आणि अडतिसाव्या वर्षी युरो स्पर्धेत गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. ९८व्या मिनिटाला इटलीने बरोबरी साधली. सामनावीराचा चषक धरलेला त्याचा तो उदास फोटो मला विसरता येत नाही. विक्रम त्याच्या नावावर होता आणि त्याला हवा होता तो विजय.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्याने माद्रिद सोडलं आणि तो मिलानला गेला. रेआलसाठी ५९७ सामने, २८ चषक, त्यात चॅम्पियन्स लीगचे सहा. आणि गोल अवघे ४३. मधल्या फळीतल्या खेळाडूच्या आयुष्याचा अर्थ या आकड्यांच्या विषमतेत आहे. त्याने जे दिलं ते बहुतेक दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं, आणि त्याने त्याची तक्रार केली नाही.

आपल्याकडेही गावोगावच्या मैदानांवर निवड चाचण्या होतात. उंची मोजतात, वजन बघतात, किरकोळ अंगाच्या पोराला घरी पाठवतात. निवडणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. त्या पोराला परत पाठवायच्या आधी एक अर्धा सामना मधल्या फळीत खेळवा, आणि चेंडू पायाशी नसताना तो कुठे बघतो, तेवढं पाहून मगच निर्णय घ्या.