पुढे दुकान, वर बिऱ्हाड

यवतमाळच्या जुन्या बाजारपेठेत व्यापाऱ्याचे घर ओळखावयास पाटी लागत नाही. रस्त्याकडे दुकान, मागे कोठी, त्यामागे स्वयंपाकघर आणि जिना चढून गेले की माडी. माडीवरच्या दोन खोल्यांत एखादे शिक्षकाचे वा कारकुनाचे बिऱ्हाड असे. पैसा कापसाच्या हंगामात येई. एरवी माडीचे भाडे घराला हातभार लावी. मूर्तिजापूरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ हा कापूस वाहून नेई, त्या काळाला साजेशी ही रीत. गाडी थांबली, रीत अद्याप टिकून आहे.

पहिले घर घेणाऱ्या तरुण दांपत्यास आज तीच पुन्हा हवीशी वाटते. खाली स्वतः राहावे, वरचा मजला भाड्याने द्यावा आणि बँकेच्या हप्त्याचा काही भार त्यातून उतरवावा. वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या या गावी भाडेकरूंची वाण नाही. अडचण आहे ती जागेची. अधिक नेमके म्हणायचे तर जागेच्या कागदांची.

वडीलधाऱ्यांची इच्छा एकच असते: घर स्थानकापासून वा मंदिरापासून पायी अंतरावर असावे. चातुर्मासात प्रवचनास जाता यावे, साधू-साध्वींची पावले गोचरीसाठी दाराशी वळावीत. परंतु असे घर जुन्या वस्तीतच मिळते आणि विदर्भातील शहरांच्या जुन्या वस्त्यांत पुष्कळ भूखंड नझूलचे, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तेथे आखीव पत्रिका शांतपणे वाचावी. पट्ट्याची मुदत, त्याचे नूतनीकरण, हस्तांतरणाची व वापराची शर्त या चार ओळींवर सारा व्यवहार उभा असतो. अशा भूखंडांना पूर्ण मालकी देण्याची वाट शासनाने अलीकडे खुली केली आहे. पण विक्रेत्याने ती चाललेली आहे की नुसती ऐकलेली, हे विसार देण्यापूर्वीच पाहावे. शिवाय गल्ली अरुंद. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीची उंची व बांधकाम रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. आजोबांच्या काळी उभी राहिलेली माडी आज पाडून तशीच बांधता येईलच, असे नाही.

मग दृष्टी नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या बाजूला वळते. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचा वर्धा-कळंब टप्पा 2024 मध्ये सुरू झाल्यापासून ‘ले-आउट’ हा शब्द इकडे फार ऐकू येतो. भूखंड स्वस्त, रस्ता रुंद. मात्र नकाशावर ती जमीन पिवळ्या निवासी पट्ट्यात आहे की हिरव्या शेतीच्या, हे विकास आराखडाच सांगतो, दलाल नव्हे. अकृषिक परवानगी व मंजूर अभिन्यास नसलेला गुंठ्यांचा तुकडा 1947 च्या तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. पुढे शासनाने शिथिलता दिली.

परदेशी गेलेल्या नातलगांचे ऐकून काहींना वाटते की दोन बिऱ्हाडांचे घरच बेकायदा. अमेरिकेतील अनेक शहरांत तसे आहे खरे. एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर हा तिथला दंडक मिनियापोलिसने 2020 मध्ये सैल केला. आपल्याकडच्या निवासी पट्ट्यात दोन चुलींना मनाई नाही. प्रश्न एवढाच की वरचा मजला मंजूर नकाशात व भोगवटा प्रमाणपत्रात आहे काय. नसेल तर बँकेच्या लेखी तो मजला जवळजवळ नाहीच, आणि ज्याच्या भाड्यावर हप्ता टेकला तोच उद्या पाडण्याच्या नोटिशीत येऊ शकतो. म्हणून मजला सहा महिने रिकामा राहिला तरी हप्ता दुकानाच्या कमाईतून निघेल, एवढ्याच किमतीचे घर पाहणे बरे.

भाडेकरार तोंडी ठेवण्याची आपल्या समाजात जुनी सवय. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणखी एक नाजूक गोष्ट स्वयंपाकघराची. कांदा-लसूण, रात्रीचे भोजन यांवरून जिन्यावर वाद होण्यापेक्षा अपेक्षा आधीच सौम्यपणे सांगाव्यात. एकदा किल्ली दिल्यावर दुसऱ्याच्या चुलीवर पहारा ठेवता येत नाही. ज्यांना हे मानवत नाही, त्यांनी वर स्वयंपाकघर न काढता विद्यार्थ्यांसाठी खोल्या काढाव्यात. नव्या वस्तीतील कित्येक घरांना आता जिना बाहेरूनच असतो आणि ओट्यालगत विजेचे दोन मीटर शेजारी-शेजारी लावलेले दिसतात.