चक्की फिरली की आठवते

आमच्या फुफूला ८२ वर्षे झाली. सकाळचे औषध घेतले की नाही, हेही हल्ली तिला सांगता येत नाही. पण तिच्या अम्मीची, म्हणजे आमच्या दादीची, जात्यावरची गाणी एके काळी तिला पाठ होती. ती फोनवर भरून ठेवावीत म्हणून रमजानच्या आधी आम्ही भावंडांनी तिला दोनदा समोर बसवले. दोन्ही वेळा दोन ओळींवर ती अडली. "चक्की फिराए बगैर कैसा याद आता रे?" म्हणत हसली आणि मग तिचे डोळे भरले.

दादीचे माहेर विजापूरचे. सोलापूरहून साधारण १०० किलोमीटर. फुफूला घेऊन आम्ही निघालो.

पोरांच्या हट्टापायी आधी गोलघुमट झाला. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. फुफू खाली थांबली, आम्ही मनोऱ्याचे सात मजले चढलो. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजले तरी समोरच्या बाजूला ऐकू जाते म्हणतात. आम्हाला शाळेच्या सहलीच्या किंकाळ्यांशिवाय काही ऐकू आले नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी पहाटे दार उघडताच जावे.

मग शहापूरची टेकडी. इथे शाह मीरांजी शम्सुल उश्शाक आणि त्यांच्या घराण्यातल्या बुजुर्गांची विश्रांतीची जागा. नातू अमीनुद्दीन आला १६७५ साली गेले. त्यांचा पांढरा घुमट दुरूनच दिसतो. या घराण्याने साध्या माणसांना कळेल अशा दखनीत लिहिले. विजापूरच्या सूफींवर रिचर्ड ईटन यांचे १९७८ सालचे पुस्तक आहे. त्यात चक्कीनामे, चरखानामे, लोरीनामे यांची हकीकत येते. दळताना, कातताना, बाळ झोपवताना बायांनी म्हणायची ही गाणी. लिहितावाचता न येणाऱ्या घरांत दीन असा हाताच्या कामावरून पोचला. आम्ही फातिहा पढलो. फुफू गप्पच होती.

दुपारी दादीच्या माहेरच्या नातलगांकडे जेवलो. परसात पाण्याच्या टाकीशेजारी जुने जाते पडले होते. खुंटा हलत होता. घरच्या मेहुण्यांनी पाचर मारून तो घट्ट केला आणि भाभीने मूठभर ज्वारी आणली. फुफू खाली बसली, एक पाय लांब, एक दुमडून. दळायला जमेल का, असे आम्ही विचारत होतो तोवर तिने वैरण घातलीसुद्धा.

चार-पाच फेरे नुसतेच गेले. मग आवाज निघाला. आधी बिस्मिल्ला. मग खुंटा अलिफसारखा उभा आहे, मधली खीळ घट्ट आहे, हाताच्या प्रत्येक फेऱ्याला अल्लाहचे नाव. पुस्तकातले चक्कीनामे असेच असतात, हे आम्ही वाचले होते. पण पुढे घरचे सुरू झाले: भावाने आणलेली बांगडी, मुंबईच्या गिरणीत गेलेला दीर, पावसाने पडलेली भिंत. आणि मग एका मुलीचे नाव. ते आमच्यापैकी कोणीच कधी ऐकले नव्हते. फुफू ते तीन वेळा म्हणाली आणि हात थांबला.

"ये कौन, फुफू?"

"मेरी बड़ी बहन. तीन साल की थी, गई. अम्मी नाम नइं लेती थी. चक्की पेच लेती थी."

म्हणजे दादीने सबंध आयुष्य ते नाव जात्याच्या घरघरीत सांभाळले. घरात गिरणीचे पीठ आले आणि ते घ्यायला तिला जागाच उरली नसावी. नाव इथे छापत नाही. ते घरचे आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे आम्ही कौतुकाने वाचले होते. स्वतःच्या घरात मात्र हा उशीर केला.

रात्री परतताना ऐकून पाहिले. ११ मिनिटे भरली होती, त्यातले निम्मे शब्द घरघरीत बुडालेले. भाचा म्हणाला, ती घरघर काढून टाकता येते. मागच्या सीटवरून फुफू म्हणाली, "रहने दे."

ईदनंतर पुन्हा जाणार आहोत, इन्शाअल्लाह. या वेळी पायलीभर ज्वारी घेऊन.