कमी-जास्त

सरासरी नावाच्या माणसाला मी आजवर पाहिलेले नाही. त्याच्याविषयी ऐकतो मात्र रोज. तो किती जेवतो, किती झोपतो, किती वर्षे जगतो, त्याची मुले कितव्या महिन्यात चालू लागतात, हे सारे वर्तमानपत्रांना ठाऊक असते. पण कारंज्याच्या बाजारात, गुरुमंदिराच्या वाटेवर किंवा एस.टी.च्या स्टँडवर हा गृहस्थ मला कधी भेटला नाही. भेटतात ते सारे त्याच्यापेक्षा थोडे कमी, नाहीतर थोडे जास्त.

या गृहस्थाचा जन्म १८३५ साली झाला, असे म्हणायला हरकत नाही. केतले नावाच्या एका बेल्जियन ज्योतिर्विदाने त्या वर्षी आपल्या ग्रंथात त्याला जगापुढे आणले. ज्योतिषी लोकांची एक जुनी अडचण होती. एकच तारा दहा वेळा पाहिला, तर त्याची जागा दहा ठिकाणी भरते. मग ते दहांची सरासरी घेत आणि तारा तिथे आहे असे धरीत. केतलेने हीच युक्ती माणसांना लावली. स्कॉटलंडच्या पाच हजारांवर शिपायांच्या छातीची मापे त्याने मांडून पाहिली, तेव्हा बहुतेक मापे मधल्या आकड्याभोवती गोळा झालेली आणि दोन्ही बाजूंना विरळ होत गेलेली दिसली. मंदिरातल्या घंटेसारखा आकार. केतलेला मोठा आनंद झाला. त्याला वाटले, निसर्गाच्या मनात एक आदर्श माणूस आहे आणि आपण सारे त्याच्या थोड्याफार बिघडलेल्या प्रती आहोत.

पण यात एक गोम आहे. ताऱ्याच्या बाबतीत तारा एकच असतो. चुकतात ते आपले डोळे. शिपायांच्या बाबतीत प्रत्येक छाती खरी असते. तिथला फरक म्हणजे चूक नव्हे, तो माणूसच आहे.

दिवाळीच्या दिवसांत हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. आमच्या कारंज्यात घरोघर करंज्या होतात. (हा श्लेष माझा नाही; गावातला प्रत्येक जावई तो एकदा तरी करतोच.) एकच कणिक, एकच सारण, लाटणारे हात तेच, तरी परातीत दोन करंज्या सारख्या नसतात. एकीचे पोट फुगलेले, दुसरीची मुरड जाड, तिसरी तेलात जाऊन फुटलेली. साचा आणला तर फरक कमी होतो, जात नाही. मग जिथे साचाच नाही, तिथे काय सांगावे?

मी मास्तर माणूस. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला साहित्यिक म्हणतात. पण माझ्या हातून सर्वांत निष्ठेने लिहिले गेलेले पुस्तक म्हणजे वर्गातल्या मुलांच्या उंची-वजनाची वही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती भरतो. तिने मला गणिताच्या पुस्तकापेक्षा अधिक गणित शिकवले.

एकदा गंमत म्हणून एकाच मुलाचे वजन आम्ही दिवसातून पाच वेळा केले. सकाळी आल्यावर, प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन, खेळून, आणि शाळा सुटताना. पाचही आकडे निराळे. मुले हसू लागली. कोणी म्हणाले काटा खोटा, कोणी म्हणाले खिचडी खरी. दोघेही बरोबर होते. त्या दिवशी फळ्यावर मी तीन ओळी लिहिल्या. काही फरक काट्याचा असतो. काही फरक त्याच मुलाचा स्वतःशी असतो. आणि काही फरक एका मुलाचा दुसऱ्याशी असतो. हे तीन फरक वेगळे ओळखता आले, तर पुष्कळसे शास्त्र कळले असे समजावे. कापसाच्या बाजारातली मुले हे चटकन समजतात. मालाची घट कुठली आणि मापाची लबाडी कुठली, यावरून झालेली भांडणे त्यांनी घरी ऐकलेली असतात.

या शास्त्राशी आपल्या विदर्भाचा एक धागा आहे. १९२० साली नागपुरास सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे कलकत्त्याचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांच्याशी पडली. ॲनंडेल यांच्यापाशी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे पडून होती. ती त्यांनी महालनोबिसांच्या हवाली केली. महालनोबिस पदार्थविज्ञानाचे अध्यापक. पण त्या मापांनी त्यांना असे ओढले, की १९३६ साली त्यांनी दोन मानवसमूहांमधले अंतर अनेक मापे एकत्र धरून कसे काढावे, याची रीत बसवली. ती रीत आज जगभर त्यांच्याच नावाने चालते. आमच्या मुलांना मी सांगतो, की नागपूर नुसत्या संत्र्यांचे नाही.

आता ज्या मुलीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. वय नऊ, वजन एकोणीस किलो. बाप हमाली करतो, आई निंदणी-वेचणीला जाते. वर्गात सर्वांत बारकी आणि धावण्यात सर्वांत पुढे. एका तपासणीत छापील तक्त्यावर तिच्या नावापुढे लाल खूण झाली आणि कागद घरी गेला. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत हजर.

“गुरुजी, आमी लेकराले उपाशी ठेवतो काय जी? हे लाल काऊन केलं?”

मी वही काढली. तीन वर्षांचे आकडे तिला वाचून दाखवले. पोरीची रेघ तक्त्यातल्या रेघेच्या खाली होती खरी, पण तिच्या बरोबरीने वर चढत होती. एकाही वर्षी ती मोडलेली नव्हती. मी म्हणालो, “आजी, पोरगी बारकी आहे, पण वाढते आहे.” आजीचा चेहरा निवळला. जाता जाता म्हणाली, “आमच्यात समदेच बारके, जी. मी बी अशीच. बहात्तरच्या सालात आमी मिलो खाऊन दिवस काढले. तवापासून आंगच धरलं नाई.”

ती गेली, पण तिचे ते शेवटचे वाक्य माझ्यापाशी राहिले. ‘समदेच बारके’ यात समाधान होते, आणि ‘बहात्तरच्या सालात’ यात त्या समाधानाला लागलेला सुरुंग होता. बारकेपण हे त्या घराचे रूप, की त्या घराची जुनी भूक?

नेमक्या याच प्रश्नावर पुण्यात मोठमोठी माणसे भांडली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. शेतातल्या पिकाचा अंदाज थोड्या जागेच्या कापणीवरून कसा घ्यावा, यावर त्यांनी काम केले. डॉ. पानसे यांच्याबरोबर त्यांनी शेतकी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काम करून ते पुण्यास परतले. त्याच सुमारास, १९७१ साली, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असे त्यांचे माप होते.

सुखात्म्यांनी आक्षेप घेतला तो मापावर. त्यांचे म्हणणे असे, की तोच माणूस, तेच काम, तेच वजन. तरी त्याचा आहार आणि खर्च दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला वरखाली होतो. आजचा जमाखर्च कालच्यावर अवलंबून असतो. शरीर आपले आपण तोल सांभाळते. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी असे म्हणता येत नाही. या चढउताराच्या खालच्या टोकापलीकडे जो गेला, तो खरा उपाशी. १९८२ साली मार्गेन या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. फळ्यावरच्या माझ्या तीन ओळींतली दुसरी ओळ ती हीच: स्वतःचा स्वतःशी फरक.

दांडेकरांना हे पटले नाही, आणि ते गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. पूर्वी हैदराबादच्या पोषण संस्थेत असलेले डॉ. गोपालन यांनाही पटले नाही. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे, की शरीर कमीवर भागवते हे खरे, पण ते फुकट भागवत नाही. उंची खुंटते, कामाची ताकद घटते. आणि आहे त्यातच सारे ठीक आहे असे सरकारला एकदा कळले, म्हणजे गरिबाच्या ताटात आणखी कोण वाढणार? सुखात्म्यांना स्वतःला गरिबांची कणव कमी होती असे नव्हे. नुसत्या धान्याने भागत नाही, स्वच्छ पाणी आणि आरोग्य हवे, असे ते आग्रहाने सांगत. सुखात्मे १९९७ साली गेले, दांडेकर त्यांच्या आधी दोन वर्षे. वाद मात्र दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या वहीत उभा राहतो.

आजीच्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर मला पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात थोडेसे सापडले. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोजली. सरासरी वजन सुमारे २.७ किलो; इंग्लंडच्या साउदम्पटनमधल्या बाळांचे सुमारे ३.५. इथवर नवल नाही. पण आमची बाळे सर्व अंगांनी सारखी कमी नव्हती. मांस कमी होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. आईच्या पोटातली ओढाताण बाळ अशी अंगावर घेऊन येते, आणि मोठेपणी मधुमेहाची वाट तिथूनच निघत असावी, असा त्यांचा विचार आहे. २००४ साली त्यांनी एक छायाचित्रच प्रसिद्ध केले. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्रज मित्र युडकिन. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले, तर दोघांचा आकडा एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१, याज्ञिकांच्या अंगात २१.२. एक आकडा, दोन शरीरे! आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची ही रीत मुळात कोणाची? केतलेची. म्हातारा अजून आपला पिच्छा सोडीत नाही.

पुढच्या सोमवारी त्या पोरीच्या घरी मी निरोप धाडला, की तिला धावू द्या आणि खाऊही घाला. अंडे, शेंगदाणे, डाळ, जे परवडेल ते. वाढते आहे म्हणून निश्चिंत राहू नका, लाल आहे म्हणून लाजू नका.

त्याच वर्षी त्याच वहीने दुसऱ्या एका मुलाकडे माझे बोट धरून नेले. तो वर्गाच्या मधोमध. तक्त्यावर हिरवा, कोणाच्या डोळ्यांत न येणारा. जूनला अठ्ठावीस किलो, मग सत्तावीस, मग सव्वीस, ऑक्टोबरला पंचवीस. पंचविसालाही तो हिरवाच होता! इतरांच्या शेजारी उभा केला, तर काही कमी नव्हता; स्वतःच्या शेजारी उभा केला, तेव्हा तीन किलोंनी उणा निघाला. मी त्याच्या काकाला बोलावून डॉक्टरकडे पाठवले. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या झाल्या. आता तो झाडावर चढतो, आणि मी ओरडतो.

फरक असा वरवर दिसतो, आणि खोलातही असतो. आमच्या विदर्भात सिकलसेलची घरे पुष्कळ. रक्तातल्या एका प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एक मणी बदललेला, इतकेच ते दुखणे. तोच बदल दोन्ही आईबापांकडून घेतलेली दोन भावंडे असतात. एक वारंवार अंथरूण धरते, दुसरे बरेचसे हिंडतेफिरते. बाळपणीचे रक्त ज्याच्या अंगात अधिक टिकले, त्याला त्रास कमी. एकाच रेणूतल्या एकाच चुकीलाही दोन नशिबे!

आणि मेंदू? इरावती कर्वे बर्लिनला संशोधन करीत होत्या, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकाची अटकळ होती, की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावंशांत निराळा असतो आणि गोऱ्यांचे श्रेष्ठत्व त्यात दिसते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावे-उजवे आढळले, पण ते वंशाप्रमाणे वाटलेले नव्हते. विशीतली ती परदेशी विद्यार्थिनी. तिने मोजले तसे लिहिले. मापाचा खरा उपयोग कोणता, हे मला तिथे कळते. फरक शोधणे सोपे असते. तो कशाचा नाही, हे सांगायला धैर्य लागते.

नव्या सत्राची वही मी आखून ठेवली आहे. त्या मुलीचे नाव आता वरच्या वर्गाच्या पानावर आहे. आकड्याशेजारी मी एक रकाना वाढवला आहे, ‘गेल्या वेळेपेक्षा’. त्याखाली दोनच शब्द लिहायचे असतात: कमी किंवा जास्त. दिवाळीची सुट्टी संपून मुले परत येतील, तेव्हा बहुतेकांपुढे ‘जास्त’ लिहावे लागेल. करंज्यांचा एवढा हिशेब मी मान्य करतो. ज्याच्यापुढे ‘कमी’ येईल, त्याच्या घरी मात्र मी त्याच संध्याकाळी जाणार आहे.