त्रिवेणीकाठची चूल

आलापल्ली मागे टाकून मोटार निघाली, की रान दोन्ही अंगांनी रस्त्याला बिलगते. हेमलकसा आले, की भामरागड जवळच. बाबा आमटे यांनी १९७३ साली माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तो इथेच. पुढे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम, पलीकडे छत्तीसगड. उन्हाळ्यात या नद्या अशा शांत दिसतात, की पर्लकोटेच्या पुराने गावाची वाट तुटते हे सांगूनही खरे वाटू नये.

एका माडिया घरी चहासाठी बसलो. कोपऱ्यात लाल सिलिंडर, मधोमध पेटती चूल. शहरात हल्ली कार्बन उत्सर्जनाची चर्चा रंगते, म्हणून सहज विचारले, "बाई, गॅस असून चूल का?"

"पावसात गाडी येत नाही, गुरुजी. गॅस पुरवून वापरावा लागतो. लाकूड रानातच आहे."

कुणी म्हणेल, छानच! तोडले तितके रान पुन्हा वाढले, तर लाकडाचा कार्बन झाडे परत घेतात. पण धूर तिच्या छातीत जातो, त्याचा हिशेब कुणी ठेवायचा? तिला गॅस हवाच.

आता आपला हिशेब मांडू. १४.२ किलोचे सिलिंडर जळून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. कोळशाच्या एका युनिट विजेमागे तो साधारण एक किलो. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र याच कोळशावर चालते. दीड टनी वातानुकूल यंत्र रात्रभर चालले, तर आठदहा युनिटे सहज जातात. म्हणजे तिचे अख्खे सिलिंडर आपल्या चारपाच रात्रींच्या गारव्यात संपले!

तरीही नागपूरच्या मे महिन्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "यंत्र बंद करा" म्हणणे सोपे नाही, आणि म्हणूही नये. यंत्र सव्वीस अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावता येतो. डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवता येते. कोपऱ्यावरच्या दुकानात पायी जाता येते. यांतले एकही काम अवघड नाही, रोज आठवणीने करणे तेवढे अवघड. काटकसर आपल्या आजीच्या अंगवळणी पडली होती. आपल्याला ती नव्याने शिकायची आहे.

मात्र पहिला धडा भामरागडच्या त्या बाईला देऊ नये. तिचे सिलिंडर पावसाळ्यातही वेळेवर पोहोचावे, आणि कपातीला सुरुवात आपल्या विजेच्या बिलापासून व्हावी.