पत्ता सांगणारं कपाट

आमच्या धंद्यात सकाळपासून एकच तक्रार दोन भाषांत ऐकू येते. मराठी घरातून ‘वहिनी, नेट गेलंय ओ’, आणि कन्नड घरातून ‘अक्का, नेट इल्ला री’. यजमानांचा पूर्वी केबल टीव्हीचा धंदा होता. आता त्याच खांबांवरून फायबर गेली आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावात काहीशे कनेक्शनं आहेत. खांब आणि वायरी यजमान बघतात. ऑफिस, बिलं आणि कपाटातला सर्व्हर माझ्याकडे.

पुष्कळदा नेट गेलेलं नसतंच. पत्ता सांगणारा तेवढा गप्प झालेला असतो. आपण साइटचं नाव लिहितो, पण यंत्राला आकड्यांतला पत्ता लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची आखणी केली. नाव विचारलं की आधी मूळ सर्व्हर, मग ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ सांभाळणारा, मग त्या साइटचा स्वतःचा सर्व्हर, असं दारोदार जावं लागतं. मिळालेलं उत्तर मात्र काही काळ जवळ ठेवता येतं. किती काळ, तेही उत्तरासोबतच येतं. कधी ५ मिनिटं, कधी पूर्ण दिवस. तोवर पहिल्या घराने विचारलेलं दुसऱ्या घराला लगेच सांगता येतं.

बरेच लहान ऑपरेटर दूरच्या मोठ्या कंपनीचा फुकट डीएनएस लावून देतात. काम चालतं. पण व्हिडिओवाल्या कंपन्या आपला माल ठिकठिकाणी साठवतात, आणि कुठल्या साठ्यातून द्यायचा हे बऱ्याचदा नाव विचारणारा कुठला आहे यावरून ठरवतात. विचारणारा लांबचा असला, तर मालही लांबून येऊ शकतो.

पूर्वी ऑपरेटर स्क्विडसारख्या प्रोग्रॅममध्ये वेबपानंही साठवत. आता बहुतेक पानं कुलूपबंद येतात, मधल्या माणसाला ती साठवता येत नाहीत. म्हणून गूगल, नेटफ्लिक्स यांच्यासारख्या कंपन्या स्वतःच्याच साठ्याच्या पेट्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांकडे ठेवतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला पेटी येत नाही; ज्याच्याकडून लाईन विकत घ्यायची त्याच्याकडे ती आहे का, एवढं आम्ही बघायचं. डीएनएस मात्र घरचा ठेवता येतो. अनबाउंड नावाचा फुकट प्रोग्रॅम आणि एक साधा कॉम्प्युटर, एवढ्यावर आमचं भागतं.

पण कपाट घरात आलं की त्याची जबाबदारीही येते. कुठल्या घराने कुठलं नाव विचारलं, हे त्याला कळू शकतं. आत काय वाचलं ते कळत नाही. शिवाय हल्ली काही ब्राउझर आम्हाला वगळून, कुलूप लावूनच नाव विचारतात. तरी जे उरतं ते कमी नाही.

मागे एक ओळखीचे गृहस्थ ऑफिसात आले. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, ‘अक्का, आमची हुडगी रात्री फोनवर काय बघत्या, तेवढं सांगा की. तुमच्याकडं असतंयच.’ मुलगी कॉलेजात जाणारी. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

मी म्हटलं, ‘काका, कायद्याने ज्या नोंदी ठेवायच्या त्या कायद्यासाठी. उद्या तुम्ही काय बघता म्हणून काकू विचारायला आल्या, तर त्यांनाही मी हेच सांगेन.’

‘मग बापानं काय करायचं?’

‘तिला विचारायचं. रागावून नव्हे, शेजारी बसून.’

ते काही न बोलता उठले. पुढच्याच महिन्यात त्यांचं आणि दोन भावांचं, अशी तीन कनेक्शनं दुसऱ्या ऑपरेटरकडे गेली. लहान धंद्यात तीन कनेक्शनंही हिशेबात दिसतात. यजमानांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘राहू दे. आज एकाला सांगितलं असतंस, तर उद्या गावाला सांगावं लागलं असतं.’

तुमच्या गावच्या ऑपरेटरला एकदा विचारा, डीएनएस कुणाचा लावलाय आणि त्याच्या नोंदी कोण बघतं. मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये. स्पीडची चौकशी सगळेच करतात. ही मात्र आजवर एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे केलेली नाही.