ते बोट आणि ती बोट

शाळेच्या बाई घरी आल्या तेव्हा मी ओटीवर दोर वळत बसलो होतो. म्हणाल्या, "काका, तुम्ही हॉलंडला राहून आलात ना? आमच्या तिसरी-चौथीच्या पोरांना त्या देशाविषयी सांगा की काहीतरी."

मला हसूच आलं. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. हॉलंडला गेलो तो लेकीच्या बाळंतपणासाठी, बायकोच्या मागोमाग, पिशव्या उचलायला. रॉटरडॅमजवळच्या एका गावात अडीच महिने राहिलो. तेवढ्यावर मास्तर व्हायचं? पण बाई ऐकेनात.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धरमतरच्या खाडीकाठी. पट सतराचा. भिंतीवर बाईंनी एक चित्र लावलं होतं. त्यात पवनचक्की, लाकडी बूट आणि रांगेत उभी असलेली ट्यूलिपची फुलं. पोरं त्याच्याकडे बघत होती आणि मला ठाऊक होतं, यातलं संध्याकाळपर्यंत काहीएक डोक्यात राहणार नाही. फुलं काय, मुळात तीही तिकडे तुर्कस्तानातून आलेली.

मी विचारलं, "घरात बाळ झालं की काय वाटतात?"

"पेढे!"

"आणि मुलगी झाली तर?"

"बर्फी!"

मग मी सांगितलं, माझी नात झाली तेव्हा लेकीची शेजारीण ताटभर टोस्ट घेऊन आली. टोस्टला लोणी लावलेलं आणि वर साखरेत घोळवलेली बडीशेप. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. त्या बडीशेपेला ते लोक म्हणतात 'छोटे उंदीर'. झालं, वर्ग खिदळायला लागला. बाईंनी बेकरीतले टोस्ट आणि रंगीत बडीशेप आधीच आणून ठेवली होती. पोरांनी उंदीर खाल्ले. एक चौथीतली पोरगी मात्र खाता खाता म्हणाली, "म्हंजे तिथं पण मुलगा-मुलगी येगळं करतात?" मी म्हटलं, "करतात. पण टोस्ट तोच, रंग तेवढा वेगळा." तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मलाही नव्हतं पटलं.

आता मूळ गोष्ट. त्या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे. हे शहरातल्या पोराला सांगायला नकाशा लागेल. आमच्या पोरांना मी एवढंच म्हटलं, "आपल्या बांधावर उभे राहा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात. भरतीला वर कोण?"

"खाडी!"

"तसा तो मुलूख. आपला बांध मैलभर, त्यांचे देशभर."

मग पोरं माझी झाली. पवनचक्क्या कशासाठी, तर खालच्या चरातलं पाणी उचलून वरच्या कालव्यात टाकायला. किंडरडाइक म्हणून एक गाव आहे, तिथं अशा एकोणीस जुन्या चक्क्या उभ्या आहेत, मी त्या पाहिल्या. बांधावर मेंढरं चारतात, म्हणजे गवत आखूड राहतं आणि मुळं माती धरून ठेवतात. मस्करॅट नावाचा घुशीसारखा प्राणी बांधात बिळं करतो, त्याला पकडायला पगारी माणसं ठेवलेली आहेत.

"आपल्याकडं खेकडं करतात!" मागून एकजण ओरडला.

"मग आपले खेकडे कोण पकडतं?"

"आम्हीच. खायला."

बाईंना त्या बोटवाल्या मुलाची गोष्ट हवी होती. बांधाला भोक पडलं, मुलानं त्यात बोट घालून रात्रभर पाणी अडवलं, गाव वाचलं. मी म्हटलं, बाई, ती गोष्ट अमेरिकेतल्या एका लेखिकेनं 1865 साली पुस्तकात छापली. ज्यानं खांड जाताना पाहिली आहे तो असली गोष्ट रचणार नाही. बोटाएवढ्या भोकाची वीतभर होईपर्यंत पाणी थांबत नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. 1953 च्या फेब्रुवारीची पहिली तारीख. रात्री वादळ आणि उधाण एकदम आलं, बांध फुटले, 1836 माणसं गेली. त्या पहाटे रॉटरडॅमच्या अलीकडे एका नदीचा बांध खचायला लागला. मागं लाखो लोकांची वस्ती. तिथल्या नगराध्यक्षानं आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याला सांगितलं, तुझी बोट त्या खांडीत घाल. पोटापाण्याची बोट होती ती. त्यानं ती वळवली आणि दारासारखी खांडीत लावली. बोटीचं नाव होतं 'दोघे भाऊ'.

वर्ग गप्प. मग तीच पोरगी म्हणाली, "म्हंजे ते बोट नाय, ती बोट!"

बाई हसल्या. मीही हसलो. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बारक्यानं विचारलं, "आपला बांध फुटला तवा बोट कुनी घातली?"

त्याचा आजा माझ्याच वयाचा. वीस वर्षांपूर्वी आषाढातल्या अमावास्येला रात्री दीड वाजता त्यानंच माझी कडी वाजवली होती. "ऊठ, खांड जाते हाय." खांद्यावर फावडं होतं. मी आतूनच म्हणालो, "बांध आता सरकारचा हाय. सकाळी त्यांना कळव." आमच्या लहानपणी घरटी एक माणूस बांधावर जायचा, न येईल त्याला दंड. मग तो रिवाज मोडला आणि आम्हाला ते सोयीचंच वाटलं. त्या रात्री आठजण गेले. आठांनी होण्यासारखं काम नव्हतं ते. भरती ओसरली तेव्हा खांड चार हात होती, पुढच्या भरतीला चाळीस. साठ एकरांत राता भात व्हायचा, तिथं आज तिवरं उभी आहेत. त्यात माझे अडीच एकर.

मी पोरांना म्हणालो, "कुणीच नाही घातली. मी घरात झोपलो होतो."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. पोरांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. बारका म्हणाला, "आजा सांगतो तसं."

पुढल्या शनिवारी ओहोटीच्या वेळेला बाई पोरांना घेऊन उरलेल्या बांधावर आल्या, वह्या-पेन्सिली घेऊन. उघाडीपासून पिंपळापर्यंत बिळं मोजायची ठरली. त्या पोरीची एकेचाळीस भरली. त्यातली तीन हात कोपरापर्यंत जाईल एवढी होती. मी फावडं आणायला घरी वळलो. वाटेत त्या बारक्याच्या आज्याचं घर लागतं. तिथं थांबून मी कडी वाजवली.