चौकात नसलेला तिसरा

प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात यान हुसचा भव्य पुतळा आहे, १९१५ सालचा. धर्मसुधारक हुसला १४१५ मध्ये पाखंडी ठरवून जाळलं, त्याला तेव्हा पाचशे वर्षं झाली होती. जवळच मेरीचा उंच स्तंभ आहे. दिसतो जुना, पण उभा राहिला २०२० मध्ये. मूळ स्तंभ १६५० चा, स्वीडिश सैन्याच्या वेढ्यातून शहर वाचलं म्हणून कॅथलिक हाब्सबुर्ग सम्राटाने उभारलेला. चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ३ नोव्हेंबर १९१८ रोजी जमावाने तो दोर लावून पाडला. राग उगाच नव्हता. १६२० ची हाब्सबुर्गांविरुद्धची व्हाइट माउंटनची लढाई हरल्यावर पुढच्याच वर्षी याच चौकात सत्तावीस बंडखोर पुढाऱ्यांना मारलं गेलं. त्यांचे सत्तावीस पांढरे क्रूस जुन्या टाउन हॉलच्या पायथ्याशी फरसबंदीत आहेत. मग जेत्याचा खांब पुन्हा का उभारायचा, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण १६४८ मध्ये चार्ल्स पुलावर स्वीडिश सैन्याला अडवणारे प्रागचेच नागरिक आणि विद्यार्थी होते, आणि परागंदा झालेला चेक विचारवंत कोमेन्स्की त्याच स्वीडिशांच्या विजयाकडे डोळे लावून बसला होता. म्हणजे तटाच्या आतही चेक आणि तटाबाहेरच्यांवर आशा ठेवणाऱ्यांतही चेक. खांब एकट्या सम्राटाचा म्हणणं मग अपुरं ठरतं, आणि तो पाडणाऱ्यांना नुसते दंगेखोर म्हणणंही.

एकोणिसाव्या शतकात चेक इतिहासकार पालात्स्कीने हुसपंथीयांना राष्ट्रीय इतिहासाचा कणा ठरवलं. गंमत अशी, की हा इतिहास त्याने लिहायला घेतला तो जर्मनमध्ये. खरी अडचण इथेच आहे. हुस आणि मेरी यांचं भांडण काही झालं तरी घरातलं. त्या घरात जर्मन बोलणारेही शतकानुशतकं राहत होते. लेखक काफ्का ज्या जर्मन शाळेत शिकला, ती याच चौकातल्या किन्स्की राजवाड्यात भरत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे तीस लाख जर्मनांना देशाबाहेर काढलं, सीमाभागातली शेकडो गावं नाहीशी झाली. नाझींनी जे केलं त्यानंतर या जर्मनांची आठवण चेकांनी कशाला ठेवावी, असं कुणी म्हणेल. नाझी कब्ज्याच्या सहा वर्षांत भोगलेल्यांचा तो राग समजण्यासारखा आहे. मात्र तान्ह्या मुलांनाही त्या हिशेबात धरणं समजण्यासारखं नाही. चेक ओळख म्हणजे एक चालू वाद, असं म्हणायला मला आवडतं, आणि पडलेला खांब परत उभारणारा चौक त्याचा पुरावाही देतो. पण पाडायलासुद्धा आधी काहीतरी उभं असावं लागतं, आणि जर्मनांच्या नावाचं तिथे काहीच नाही.